वाडियाचे दार

परळ-लालबागच्या चाळींत कुणालाही ‘जन्म कुठला?’ असे विचारून पाहा. कोकणातले वा घाटावरचे गाव मागाहून येते. आधी उत्तर येते, ‘वाडियातला!’ माझेही उत्तर तेच.

नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उघडले, शेजारचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ साली. गिरणीमालकाच्या पैशातून गिरणीकामगारणीच्या बाळंतपणाची सोय व्हावी, हा योग आपल्याकडे विरळाच! १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा मुका झाला, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. वाडिया मात्र राहिले.

आणि जानेवारी २०२० मध्ये तेथे नवे रुग्ण घेणेच थांबले. पालिकेचे व सरकारचे अनुदान थकले, असे व्यवस्थापन म्हणे. पालिका हिशेबावर बोट ठेवी. त्या जमाखर्चात मला गम्य नाही. पण आमच्या चाळीतल्या एका सुनेला तेव्हा नववा महिना लागला होता. केईएम हाकेच्या अंतरावर आहे खरे, पण तिथली गर्दी कुणाला ठाऊक नाही? आणि खाजगी प्रसूतिगृहाचा खर्च म्हणजे नवऱ्याचे कित्येक पगार! तिच्या सासूबाई मला रोज जिन्यात गाठीत, ‘मास्तर, पेपरात काय आलंय? उघडलं का वाडिया?’

पुतळ्यांना पैसा आहे, मग इस्पितळाला का नाही, असे उच्च न्यायालयानेही सरकारला खडसावले. अखेर शेहेचाळीस कोटी देण्याचे ठरले, दार उघडले.

सुनेला मुलगी झाली. सासूबाई पेढे घेऊन आल्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, ‘वाडियातच हो!’