गाठ तिच्या छातीत, इलाज दोघांचा

स्तनाच्या कॅन्सरचा इलाज एका ऑपरेशनमध्ये संपत नाही. तपासण्या, ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि त्यानंतर रोजची गोळी असा हा लांबचा पल्ला आहे. पहिले आठ-दहा महिने सगळे घर हलते. पुढे काही जणींना पाच ते दहा वर्षे गोळी चालू ठेवावी लागते.

उल्हासनगर कॅम्प १ मधल्या आपल्या वस्त्यांत आम्ही घरोघर फिरतो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. इलाज अर्ध्यावर सुटतो तेव्हा कारण फक्त औषध किंवा पैसा एवढेच नसते. नळाला पाणी आल्यावर हंडे कोण भरणार, पोरांचा डबा कोण करणार, परळला सोबत कोण येणार, दिवस मोडला तर रोज कोण देणार, या साध्या प्रश्नांना घरात उत्तर नसते. मग बाई म्हणते, "आता बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात जाऊ." तो पुढचा महिना येत नाही आणि आजार मात्र परत येतो. म्हणून या वेळी आम्ही ताईंशी जेवढे बोलणार आहोत, तेवढेच दादांशीही बोलणार आहोत.

आधी गैरसमज काढून टाकू

भारतातल्या स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे. पुरुषांनाही तो होतो, पण क्वचित. शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एका अंथरुणात झोपल्याने पसरत नाही. तो कोणाच्या नजरेने लागत नाही, करणीने होत नाही, मागच्या जन्मीच्या पापाचे फळ नाही. शरीरातल्या पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागतात, तो हा आजार. बुवाच्या अंगाऱ्यात आणि झाडपाल्याच्या लेपात गेलेले तीन महिने म्हणजे गाठीला वाढायला दिलेले तीन महिने.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि घात इथेच होतो. दुखत नाही म्हणून बाई गप्प राहते. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, बोंडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्तासारखे पाणी येणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यातले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवावे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण हे तपासणीनेच कळते.

पहिली तपासणी कॅम्प ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात करता येते. अंबरनाथकरांना छाया रुग्णालय जवळ आहे, बदलापूरकरांना तिथले ग्रामीण रुग्णालय. पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी होते. या तपासणीला बायोप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे खोटे आहे. त्या तुकड्यावरूनच कॅन्सर कोणत्या जातीचा, हार्मोनवर वाढणारा आहे की नाही, हे कळते आणि पुढचा इलाज ठरतो.

ऑपरेशन

स्तन काढावाच लागतो असे नाही. गाठ लहान असेल तर फक्त गाठ व तिच्या आजूबाजूचा भाग काढून नंतर रेडिएशन देतात. इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांवर वीस वर्षे नजर ठेवली. २००२ साली त्यांचे निष्कर्ष आले. स्तन वाचवलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. गाठ मोठी असेल किंवा स्तनात अनेक ठिकाणी पसरली असेल, तर मात्र पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. "यातले आम्हाला कोणते लागू आहे?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला नवरा-बायकोने सोबत जावे. एकट्या बाईला घाबरल्यामुळे निम्मे ऐकूच येत नाही.

ऑपरेशननंतर जखमेतून एक नळी बाहेर येते आणि तिला डबी किंवा बाटली जोडलेली असते. तिच्यात किती पाणी जमले ते रोज मोजून वहीत लिहायचे असते. पाणी कमी झाले की डॉक्टर नळी काढतात. हे मोजण्याचे काम नवऱ्याने घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यातून तिला कळते की ती एकटी नाही.

ज्या बाजूची काखेतली गाठोडी काढली असतील, त्या हाताला पुढे सूज येऊ शकते. त्या हातावर इंजेक्शन, सलाईन, रक्तदाबाचा पट्टा शक्यतो नको. भाजणे, कापणे टाळायचे. पहिले काही आठवडे त्या हाताने पाण्याची कळशी, गॅसची टाकी, ओल्या चादरींची बादली उचलायची नाही. पण हात गळ्यात बांधून ठेवायचाही नाही, खांदा आखडतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीला बोटे लावून मुंगीसारखी हळूहळू वर न्यायची. भिंतीवर पेन्सिलने खूण करा, दर आठवड्याला खूण वर गेली पाहिजे.

केमोचे दिवस

केमो बहुधा दर २१ दिवसांनी, चार ते आठ वेळा देतात. काही जणींना ती ऑपरेशनच्या आधी देतात, म्हणजे गाठ लहान होते. दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. ते परत येतात. एक औषध लाल रंगाचे असते, त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही, घाबरू नये.

घाबरायचे ते तापाला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही जिवावर बेततो. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. मेडिकलमधून गोळी आणून ताप दाबायचा नाही. हे वाक्य नवऱ्याने पाठ करावे, कारण तापात असलेली बाई "सकाळी बघू" असेच म्हणते.

खाण्यात प्रोटीन हवे. उकडलेले अंडे, वरण, उसळ, नीट शिजवलेले चिकन, मासे, खात असाल तर सुकट-बोंबीलही चालेल. पाणी उकळून गार केलेले. गाडीवरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळे, शिळे अन्न नको. तोंडाला फोड आले तर तिखट बंद, ताकभात किंवा मऊ खिचडी द्यावी आणि मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात.

पहिले दोन-तीन दिवस औषधाचा अंश लघवीत, उलटीत असतो. ते कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत आणि संडासात दोनदा पाणी टाकावे. सार्वजनिक संडास असेल तर नवऱ्याने जादा बादली नेऊन ठेवावी. पोराला जवळ घेण्यात, एकत्र जेवण्यात काही धोका नाही. अंगावर पाजत असेल तर ते मात्र बंद करावे लागते.

इथे एक आठवण करून देतो. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला इतरांनी टाकून दिले होते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये ही हकीकत घेतली आहे. आजाऱ्याची घाण काढणे हे बाईचे काम आहे, असे तिथे कुठेही नाही.

रेडिएशन आणि रोजची गोळी

रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे ते चालते. एकेका वेळी काही मिनिटेच लागतात, पण रोज जावे लागते आणि माणूस इथेच थकतो. ते दुखत नाही. बाहेरून दिलेले किरण अंगात साठून राहत नाहीत, त्यामुळे घरातल्या कोणालाही धोका नाही. त्या जागेची कातडी काळवंडते. तिथे साबण, पावडर, बाम लावू नये, सैल सुती झंपर घालावा.

कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. ती महागडी नाही, पण लोक ती सोडतात, कारण बाई आता ठणठणीत दिसत असते. अंगातून गरम वाफा येतात, पाळी बिघडते, म्हणूनही सोडतात. त्रास डॉक्टरांना सांगावा, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. चहाच्या डब्याशेजारी पाकीट ठेवले की विसर पडत नाही.

पैसा, कागद आणि गाडी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, आधी तिथे जावे. चौकशीचा नंबर १५५३८८. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही लागतात. आमच्या पाहण्यात सर्वात जास्त अडते ते नावाच्या फरकाने. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. हे दुरुस्त करण्याचे धावपळीचे काम नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही विचारावे.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून कॅन्सरवर काम करते. शहाडहून कल्याणला येऊन परळला थांबणारी स्लो गाडी धरता येते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येते, रुग्णालयाचा कागद जवळ ठेवावा. रेल्वेभाड्यातल्या सवलतीचा फॉर्मही रुग्णालयातूनच मिळतो. रोजची ये-जा झेपत नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर रुग्ण आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावे.

दोघांमधले

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. स्तन गेल्यावर बाईला वाटते, आपण आता बाई राहिलो नाही. नवऱ्याला काय बोलावे कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो आणि बाहेर झोपू लागतो. ती समजते, मी त्याला नकोशी झाले. दोघेही भीतीने गप्प असतात आणि दोघेही चुकीचा अर्थ काढतात.

आम्ही पाहिलेल्या एका घरात बाईने आरसा उलटा करून ठेवला होता. नवरा ठेक्यावर कामाला होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखांना लाल गोल केले आणि त्या दिवसांसाठी मुकादमाकडून रात्रपाळी मागून घेतली. ड्रेसिंग तोच करायचा. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, असे तिनेच आम्हाला सांगितले. "त्यानं बघितलं, मग मीही बघितलं," एवढेच ती म्हणाली. पुढे आरसा सरळ झाला.

जखम भरल्यावर आणि दोघांची इच्छा असल्यावर शरीरसंबंधाला हरकत नसते. त्याने कॅन्सर वाढत नाही. इलाजाच्या काळात कंडोम वापरावा, गर्भ राहू देऊ नये. गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत, कॉपर-टीबद्दल डॉक्टरांना विचारावे. कोरडेपणाने दुखत असेल तर मेडिकलमध्ये पाण्यासारखी जेली मिळते. इच्छा नसेल तर नुसते जवळ बसणे, पाठीवर हात ठेवणे पुरे. ब्लाऊजमध्ये भरायला कृत्रिम स्तन विकत मिळतो. काही बाया सुती पिशवीत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी भरून घरीच शिवतात.

दादांनो, तुम्हालाही भीती वाटते हे आम्हाला दिसते. ती दारूत बुडवली तर केमोचे भाडेही तिथेच बुडते. भाऊ, मित्र, विहारातला कोणी जाणता माणूस, कोणाजवळ तरी मन मोकळे करा. आणि जिथे नवरा बाईला माहेरी टाकून मोकळा होतो, तिथे ताईंनो लक्षात ठेवा, कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

वस्तीने काय करावे

१९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठे काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना शिकवून तयार केले आणि त्यांनी निम्म्या वस्त्यांतल्या बायांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला आणि ५० वर्षांपुढच्या स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मोठे मशीन, ना मोठी डिग्री. आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या बायांचे हे काम आहे. आज ३० वर्षांपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईला विचारा.

वस्तीत कोणाचा इलाज चालू असेल तर भेटायला जाताना "अमकीला असंच झालं, ती गेली" हे बोलू नका. दोन भाकऱ्या जास्त थापा, तिच्या पोरांना आपल्या पोरांसोबत शाळेत सोडा, पाण्याच्या वेळी तिचे दोन हंडे भरा. महिला मंडळाने केमोच्या तारखा लिहून घेऊन सोबतीच्या पाळ्या लावाव्यात. नवऱ्याचा रोज बुडणार असेल त्या दिवशी मंडळातली एक बाई परळला जाईल. एवढे ठरले तरी कित्येक इलाज अर्ध्यावर सुटायचे थांबतील.