आवणी आणि कमरेचा पट्टा

त्र्यंबकेश्वरकडे पाऊस धरला की भाताची आवणी सुरू होते. चिखलात उभ्या बाया दिवसभर ओणव्या असतात. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताची बोटं गाळात. बांधावर येऊन सरळ होताना दोन्ही हात आपसूक कमरेवर जातात. चार दिवसांनी कंबर धरते आणि घरातलं कुणीतरी मेडिकलमधून पट्टा घेऊन येतं.

कमरेत पाच मणके असतात. मणक्यांना जोडणाऱ्या गाद्यांपैकी सगळ्यात खालच्या दोन गाद्यांवर सर्वांत जास्त भार येतो. स्वीडनचे डॉक्टर नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून हा दाब मोजला होता. नुसतं थोडं पुढं वाकलं तरी तो उभ्यापेक्षा दीडपट भरला. आवणीत तर तासन्‌तास पार खाली वाकायचं!

पट्टा पाठीसाठी घेतला तरी त्याचं बरंचसं काम पोटावर चालतं. पोट आवळलं की आतला दाब वाढतो आणि मणक्यांना पुढूनही आधार मिळतो. मागच्या उभ्या पट्ट्या वाकताना टोचतात, जपायची आठवण देतात. मला हाच त्यांचा मोठा गुण वाटतो.

पट्टा उभं राहून, पातळ सुती कपड्यावरून बांधावा. उभ्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या याव्यात. श्वास सोडून आवळावा, पण आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बसल्यावर जांघेत रुतला तर तो फार खाली आलाय. झोपताना काढायचाच. आवणीत मात्र तो वर सरकतो, भिजतो, कातडी सोलवटते. त्यापेक्षा घरी हंडा किंवा पोतं उचलताना तासभर बांधलेला बरा.

उसण भरल्यावर थोडे दिवस असा आधार घ्यायला हरकत नाही. महिनोन्‌महिने मुरलेल्या दुखण्याचं वेगळं आहे. त्यासाठी नेहमीचा उपचार म्हणून पट्टा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. तिथं व्यायामच हवा. शस्त्रक्रियेनंतर किंवा मणका मोडल्यावर डॉक्टरांनी दिलेला पट्टा मात्र आपल्या मनानं काढू नये.

आणि पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, तर पट्टा आवळत घरी बसू नका. त्याच दिवशी नाशिकचं सिव्हिल गाठा.