अडगळीतील इलेक्ट्रिक गिटार

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत घरातून काय काय बाहेर जाते, ह्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. पोलादनगरी भिलाईतील हुडको वसाहत ह्याला अपवाद असण्याचे कारण नाही. जुना रेडिओ, मोडका पंखा, गळकी बादली ह्यांच्या सोबतीने क्वचित एखादी लाकडी, चपटी आणि अनपेक्षितपणे जड अशी वस्तू भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊन पडते. तारा तुटलेल्या, खुंट्या गंजलेल्या, पोट भरीव. भंगारवाला तिच्यातील तांब्यालोखंडाचा अंदाज घेतो आणि लाकूड जळणात धरतो. ती वस्तू जुनी इलेक्ट्रिक गिटार असेल, तर तिचा प्राण नेमका त्या तांब्यालोखंडातच असतो.

सतार आणि तंबोरा ह्यांच्या सहवासात वाढलेल्या कानाला हे चमत्कारिक वाटेल. मिरजेचा कारागीर भोपळा पारखून घेतो तो नादासाठी. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही पारखच आहे. भरीव गिटारला असे नाद घुमविणारे पोटच नसते. तिच्या तारांखाली एक लहानशी चपटी डबी बसविलेली असते. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. विजेच्या कारखान्यातील प्रचंड जनित्रही त्याच तत्त्वावर फिरते. हा प्रवाह ध्वनिवर्धकाने मोठा केला म्हणजे स्वर ऐकू येतो. ह्या वाद्यावर नायलॉनच्या तारा चढविल्या, तर पिकअपला काहीच ऐकू जात नाही.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही उभी धरून बोटांनी दाबून वाजविण्याची नव्हतीच. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनी १९३१-३२ साली अमेरिकेत सिद्ध केलेले ते वाद्य हवाईयन पद्धतीचे होते. मांडीवर आडवे ठेवावयाचे आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवावयाची. अॅल्युमिनियमच्या ओतीव अंगामुळे त्याला लोक तळण्याचा तवा म्हणू लागले. हे हवाईयन वादन भारतात फार आवडले, आणि ते साहजिकच होते. कारण कांडी सरकली की मींड आपोआप साधते. हवाई परंपरेतील वादक टाउ मो १९४० च्या दशकात कोलकात्यास राहून गेले. पुढे लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ली आणि कोलकात्याचे सुनील गांगुली ह्यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या. ब्रिजभूषण काबरा ह्यांनी तर आडव्या गिटारवर राग मांडले. त्यांचे वाद्य विजेवाचूनचे होते, परंतु वाट तीच.

म्हणून आपल्याकडील जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती येताच पहिला प्रश्न हा की, ती मांडीवरची की गळ्यातली? आडव्या गिटारची मान पुष्कळदा चौकोनी असते, पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात आणि तारा मानेपासून पुष्कळ उंच उचललेल्या असतात. ज्याला हे ठाऊक नाही असा दुरुस्ती करणारा त्या उंचीलाच दोष समजतो. मग मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी तो कानस लावून उतरवितो, आणि धडधाकट वाद्य कायमचे निकामी होते. मोडलेल्या गिटारपेक्षा अशी 'दुरुस्त' झालेली गिटार अधिक दयनीय!

दुसरा प्रश्न जन्मस्थानाचा. भिलाई हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील शहर. तेव्हा वाद्य पूर्वेकडून आले असेल तसेच पश्चिमेकडूनही. कोलकाता हे गिटार बनविणाऱ्यांचे मोठे केंद्र. 'गिवसन' हे नाव दिसले तर ती अमेरिकन 'गिब्सन'ची चुकीची अक्षरे नव्हेत, ते कोलकात्याचेच नाव आहे. जपानी वाद्यांत 'टेइस्को' आणि 'गुयाटोन' ही नावे आढळतात. भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्या निमित्ताने रशियन तज्ज्ञांची कुटुंबे येथे नांदून गेली. रशियन लिपी आणि तार जोडण्यासाठी पाच छिद्रांची गोल खाच आढळल्यास 'तोनिका' किंवा 'उराल' ह्यांसारख्या सोव्हिएत गिटारचा विचार अवश्य करावा.

मात्र माथ्यावरच्या नावावर फार भिस्त ठेवू नये. नावाची पट्टी कोणीही चिकटवू शकतो. अधिक खरे बोलतात ते आतले भाग. आवाज कमी-अधिक करणाऱ्या बटणाखाली डबीसारखा एक गोल भाग असतो. तो अमेरिकन बनावटीचा असल्यास त्याच्या पाठीवर पुष्कळदा आकडे छापलेले सापडतात. समजा, १३७६६३३ असा आकडा आहे. तर १३७ ही कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहेतिसावा आठवडा. ह्यावरून गिटारची जन्मतारीख निघत नाही, हे लक्षात असू द्यावे. तो भाग मुळातला असेल तर गिटार त्या आठवड्याआधीची नाही, एवढेच सिद्ध होते. आणि जोडावरील सोल्डर नवा, चकचकीत दिसला तर तेवढेही सिद्ध होत नाही.

जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि तारांच्या जोडणीचे चित्र काढून ठेवावे. मग मल्टिमीटरने पिकअपचा रोध मोजावा. साधारण पाच ते दहा हजार ओहम आला तर वेटोळे शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही. काटा हललाच नाही, तर तार कोठे तरी तुटली आहे. अशा वेळी घाईने नवे वेढे गुंडाळण्याचा मोह होतो. परंतु तार पुष्कळदा बाहेरच्या जोडापाशीच तुटलेली असते, आणि तेथे बारीकसा सोल्डर दिला की पन्नास वर्षे मुका असलेला पिकअप बोलू लागतो. मूळचे वेढे एकदा उलगडले की त्यांचा तो विशिष्ट आवाज परत मिळण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. खरखरणाऱ्या बटणांना खाद्यतेल किंवा शिलाईयंत्राचे तेल घालू नये. विद्युत्संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा मिळतो, तो पुरतो. रंगाच्या बाबतीतही हात आखडताच बरा. स्पिरिटने लाखेचे पॉलिश विरघळते आणि पॉलिशकागदाने जुन्या रंगासह सारा पुरावा निघून जातो. किंचित ओलसर मऊ फडके बहुधा पुरेसे होते.

छत्तीसगडचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा लाकडाला सुखाने राहू देत नाही. मान वाकलेली दिसल्यास तिच्यात पोलादी सळई आहे की नाही हे आधी पाहावे. असल्यास तारा सैल करून तिचा स्क्रू एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही, आणि मग एक दिवस वाट पाहावी. सळई नसल्यास बारीक तारा वापराव्यात. जाड तारांचा ताण तिला सोसणार नाही.

गिटारसोबत जुना वाल्वचा ध्वनिवर्धक सापडला, तर मात्र उत्साहाला आवर घालावा. त्यातील संधारित्रांत प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्टांचा भार शिल्लक असू शकतो. शिवाय गिटारच्या तारा बहुधा त्याच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात; सांगाड्यात वीज उतरली तर ती थेट वादकाच्या बोटांत येते. हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडे सोपवावे, भूसंपर्क असलेली तीन तारांची नवी दोरी बसवून घ्यावी आणि तोपर्यंत गिटार त्याला जोडूही नये.

नव्या तारा प्रथम सैलच ठेवून दोन-तीन दिवसांत हळूहळू स्वराला आणाव्यात. बदललेला प्रत्येक जुना भाग, मग तो गंजका स्क्रू का असेना, तारखेची चिठ्ठी घालून पिशवीत बांधावा आणि ती पिशवी गिटारच्या पेटीतच ठेवावी.