नागपूरमधील बौद्ध उपासनेचे वार्षिक चक्र

नागपूर शहर आणि परिसरातील बौद्ध समाज वर्षभरात पौर्णिमा, उपोसथ, वर्षावास, ग्रंथवाचन आणि ध्यानसाधना ज्या क्रमाने पाळतो, तो क्रम म्हणजे येथील बौद्ध उपासनेचे वार्षिक चक्र होय. हे चक्र दोन कालगणनांवर उभे आहे. वैशाख पौर्णिमा, आषाढ पौर्णिमा, आश्विन पौर्णिमा यांसारखे दिवस चांद्र तिथींनी ठरतात. १४ एप्रिल, ६ डिसेंबर यांसारखे दिवस इंग्रजी तारखांनी ठरतात. पहिला गट प्राचीन बौद्ध परंपरेतून आलेला आहे, तर दुसरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राशी आणि १९५६ च्या धम्मदीक्षेशी निगडित आहे. या उपासनेत नवस, कौल किंवा कृपायाचना यांना स्थान नाही. जाणणे, म्हणजेच 'प्रज्ञा', हे तिचे केंद्र असल्यामुळे तिची गणना ज्ञानमार्गी उपासनापद्धतींत करता येते.

पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे डॉ. आंबेडकर यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी स्वतः लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. ते स्थळ आज दीक्षाभूमी या नावाने ओळखले जाते. या सोहळ्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले.

नवदीक्षित समाजाने जुन्या देवदेवता, व्रतवैकल्ये आणि श्राद्धकर्मे २२ प्रतिज्ञांद्वारे सोडली होती. त्यामुळे वर्षाच्या जुन्या सणचक्राच्या जागी काय असावे, हा प्रश्न तातडीचा झाला. त्याचे उत्तर काही अंशी पाली परंपरेतून मिळाले. काही अंशी ते डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथातून मिळाले. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य उपासकाला हाताशी धरता येईल असा एकच ग्रंथ बौद्धांपाशी असावा, हा विचार त्यांनी १९५० मध्ये 'महाबोधी' मासिकातील लेखात मांडला होता.

उपोसथ

चक्राचे सर्वांत लहान एकक म्हणजे उपोसथ. विनयपिटकानुसार मगधाचा राजा बिंबिसार याच्या सूचनेवरून बुद्धाने ठरावीक तिथींना संघाने एकत्र जमण्याची प्रथा स्वीकारली. इतर पंथांचे परिव्राजक अशा दिवशी धर्मचर्चा करीत व लोक ती ऐकण्यास जात, हे त्यामागील कारण होते. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही पक्षांतील अष्टमी हे उपोसथाचे दिवस होत. नागपुरात यांपैकी पौर्णिमेला सर्वाधिक महत्त्व आहे.

या दिवशी उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे परिधान करून विहारात जातात. बुद्धवंदना, त्रिशरण-पंचशील आणि धम्मदेसना असा सामान्य क्रम असतो. काही जण एका दिवसापुरते अष्टशील ग्रहण करतात. अष्टशीलात पंचशीलातील व्यभिचारविरतीची जागा पूर्ण ब्रह्मचर्य घेते. त्याशिवाय मध्यान्हानंतर भोजन न करणे, नृत्य-गीत व माळा-सुगंध यांपासून दूर राहणे आणि उंच, मऊ शय्या टाळणे हे आणखी तीन नियम येतात. अष्टशीलाचा हेतू देहदंड हा नाही. नित्याच्या सवयी एक दिवस थांबवून मनाचे निरीक्षण करता यावे, हा आहे.

पौर्णिमांचा क्रम

प्रत्येक पौर्णिमेशी बुद्धचरित्रातील किंवा धम्माच्या इतिहासातील एखादा प्रसंग परंपरेने जोडलेला आहे. त्यांपैकी प्रमुख पौर्णिमा पुढीलप्रमाणे:

• वैशाख: सिद्धार्थाचा जन्म, बुद्धत्वप्राप्ती आणि महापरिनिर्वाण. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात येणाऱ्या या दिवशी खीरदानाची प्रथा आहे. तिचा संबंध सुजातेने दिलेल्या खिरीशी लावला जातो.
• ज्येष्ठ: स्थविर महेंद्र यांचे श्रीलंकेत आगमन.
• आषाढ: सारनाथ येथील पहिले प्रवचन, म्हणजेच धम्मचक्रप्रवर्तन. दुसऱ्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो.
• श्रावण: राजगृह येथील पहिली धम्मसंगीती. बुद्धवचन पाठांतराने जतन करण्याच्या परंपरेचे स्मरण या दिवशी होते.
• भाद्रपद: पारिलेय्यक वनात वानराने बुद्धाला मध अर्पण केल्याची कथा. यावरून तिला मधुपौर्णिमा म्हणतात.
• आश्विन: वर्षावासाची समाप्ती आणि प्रवारणा.
• कार्तिक: सारिपुत्ताचे परिनिर्वाण. कठीण चीवरदानाचा कालावधी येथे संपतो.
• मार्गशीर्ष: थेरी संघमित्रा यांनी बोधिवृक्षाची शाखा श्रीलंकेत नेली. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या त्याच वृक्षाच्या फांदीपासून लावलेला आहे. त्यामुळे या पौर्णिमेला नागपुरात स्थानिक अर्थही लाभला आहे.
• माघ: वेळुवनात १,२५० अर्हतांचे पूर्वसूचनेशिवाय झालेले संमेलन.
• फाल्गुन: बुद्धाची कपिलवस्तूस भेट आणि राहुलची प्रव्रज्या.

वर्षावास

वर्षावास हा या चक्राचा गाभा आहे. प्राचीन काळी भिक्खू सतत चारिका करीत. पावसाळ्यात त्यांच्या चालण्याने कोवळे गवत तुडवले जाते व लहान जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केल्यावर बुद्धाने तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला, असे विनयपिटकातील महावग्गात नमूद आहे. दूर जाणे थांबले आणि त्यातून अध्ययनासाठी सलग वेळ मिळाला. अजिंठ्यासारखी महाराष्ट्रातील लेणी भिक्खूंच्या अशाच निवासासाठी उपयोगी पडली.

याच काळात महाराष्ट्रात इतर परंपरांचाही चातुर्मास असतो. वारकरी आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत तो पाळतात, तर जैन मुनी आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत एका ठिकाणी राहतात. पावसाळ्यामुळे प्रवासावर येणारी मर्यादा हा या सर्वांमागील समान धागा आहे.

आश्विन पौर्णिमेला होणारी प्रवारणा हा वर्षावासाचा समारोप होय. तिच्यात प्रत्येक भिक्खू, ज्येष्ठ असो वा नवा, आपल्यात पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला दोष सांगावा, अशी संघाला विनंती करतो. त्यानंतरच्या एका महिन्यात उपासक भिक्खूंना कठीण चीवर दान करतात.

ग्रंथवाचन

नागपूर व विदर्भातील वर्षावासाचे वैशिष्ट्य म्हणजे विहारांमधून होणारे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामूहिक वाचन. साधारणतः सायंकाळी वंदनेनंतर एक व्यक्ती ग्रंथातील ठरावीक भाग मोठ्याने वाचते आणि इतर ऐकतात. मग वाचलेल्या भागावर चर्चा होते. एकूण आठ खंडांचा हा ग्रंथ तीन महिन्यांत क्रमाने वाचता येतो.

बाह्यतः ही पद्धत श्रावणात घरोघरी होणाऱ्या पोथीवाचनासारखी दिसते. मात्र पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. वाचनाने अमुक प्राप्त होईल असे आश्वासन तिच्यात दिलेले असते. या ग्रंथात तसे काही नाही. त्याच्या प्रस्तावनेतच परंपरागत कथनाविषयी चार प्रश्न उपस्थित केलेले आहेत. त्यांपैकी पहिला प्रश्न सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा आहे. वृद्ध, आजारी व मृत माणूस पहिल्यांदाच पाहून त्याने घर सोडले, ही कथा लेखक स्वीकारत नाही. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष आणि त्या युद्धास सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण ग्रंथात मांडले आहे. म्हणजेच श्रोत्यासमोर श्रद्धेच्या आधी चिकित्सा येते.

या वाचनाचा सामाजिक अर्थ त्याच्या धार्मिक अर्थापासून वेगळा काढता येत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून आणि धर्मग्रंथांपासून दूर ठेवण्यात आले, त्याच समाजातील स्त्री-पुरुष येथे स्वतः ग्रंथ हाती घेऊन वाचतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो मोठ्याने वाचला जातो. वाचण्यासाठी जन्माने मिळालेला अधिकार लागत नाही किंवा भिक्खूची उपस्थितीही अनिवार्य नसते. भिक्खूंची संख्या उपासकांच्या मानाने अल्प असलेल्या वस्त्यांत वर्षावासाची परंपरा टिकून राहण्यास ही गोष्ट साहाय्यभूत ठरली.

धम्मचक्र प्रवर्तन दिन

अशोक विजयादशमी ही आश्विन शुद्ध दशमी असल्याने ती वर्षावासाच्या अखेरच्या आठवड्यात येते; तेथून आश्विन पौर्णिमा अवघ्या चार-पाच दिवसांवर असते. १९५६ ची दीक्षाही याच काळात झाली. त्यामुळे तिथीप्रमाणे दीक्षाभूमीवर जमणारा जनसमुदाय वर्षावासातील वाचन संपत आलेले असताना तेथे पोहोचतो. या दिवशी दीक्षाभूमी परिसरात पुस्तकांची असंख्य दुकाने लागतात आणि ग्रंथखरेदी हा यात्रेचा महत्त्वाचा भाग असतो. येथील स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले.

ध्यानसाधना

नागपूर परिसरात ध्यानाच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत.

आनापानसती व मैत्रीभावना: त्रिरत्न बौद्ध महासंघ (पूर्वीचे नाव त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण) या दोन साधना शिकवतो. आनापानसतीत श्वासाच्या येण्याजाण्याकडे लक्ष ठेवले जाते. मैत्रीभावनेत स्वतःपासून आरंभ करून मित्र, तटस्थ व्यक्ती, विरोधक आणि अखेरीस सर्व प्राणिमात्र यांच्याविषयी सद्भाव जोपासला जातो. या संघाचे संस्थापक संघरक्षित हे ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरातच होते आणि शोकाकुल समाजासमोर त्यांनी भाषणे केली होती. कामठी मार्गावरील नागलोक हे या परंपरेचे प्रमुख केंद्र आहे.

विपश्यना: सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये भारतात विपश्यना शिबिरांना आरंभ केला. नागपूरजवळ माहुरझरी येथे 'धम्म नाग' हे या परंपरेचे केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळतात. आरंभी आनापान आणि नंतर शरीरातील संवेदनांचे समभावाने निरीक्षण शिकवले जाते. ही शिबिरे ऋतूंशी किंवा पौर्णिमांशी बांधलेली नसून वर्षभर चालतात, त्यामुळे नोकरदारांना सवडीप्रमाणे सहभागी होता येते.

वाचन व ध्यान यांविषयीचे मतभेद

उपासनेत ध्यानाचे स्थान किती असावे, याबाबत आंबेडकरी समाजात मतभिन्नता आहे. ध्यानावर अधिक भर दिल्यास दुःखाची सामाजिक कारणे दृष्टीआड होतात आणि अन्यायाचा प्रश्न व्यक्तीच्या मनापुरता मर्यादित राहतो, असा आक्षेप एक पक्ष घेतो. मनातील द्वेष व भय यांचे निरीक्षण केल्याविना सामाजिक परिवर्तन टिकत नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे.

या वादात दोन्ही बाजू डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथाचा आधार घेऊ शकतात. बुद्धत्वप्राप्तीपूर्वी सिद्धार्थाने चार आठवडे ध्यान केल्याचे वर्णन ग्रंथात आहे. पण त्या ध्यानाचा विषय जगातील दुःख आणि त्याच्या निवारणाचा मार्ग हा आहे. समाधी आणि सम्यक समाधी यांतही ग्रंथ भेद करतो: केवळ एकाग्रतेने मनाचे अडथळे तात्पुरते थांबतात, तर सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करण्याचे वळण लावते. प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ मानले असून, अंधश्रद्धेला वाव राहू नये यासाठी प्रज्ञेची आवश्यकता सांगितली आहे. या मांडणीनुसार ध्यान आणि चिकित्सा हे एकाच जाणण्याचे दोन टप्पे ठरतात.

अधिकमासाचा प्रश्न

चांद्रमासांवर आधारलेल्या चक्रात अधिकमासामुळे अडचण निर्माण होते. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये भारतीय पंचांगात अधिक श्रावण होता. त्या वर्षी आषाढ पौर्णिमा ३ जुलै रोजी आणि आश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबर रोजी होती. त्यामुळे स्थानिक पंचांगाप्रमाणे दोहोंमधील अंतर चार चांद्रमासांचे झाले. श्रीलंका व थायलंड येथे मात्र १ ऑगस्टची पौर्णिमा आषाढाची मानली गेली आणि वर्षावास तीन महिन्यांचाच राहिला. विनयपिटकात आषाढ पौर्णिमेनंतर एक महिन्याने सुरू होणाऱ्या 'पश्चिम' वर्षावासाचीही तरतूद आहे.

इतर ज्ञानमार्गी परंपरांशी तुलना

ग्रीक भाषेतील 'ग्नोसिस', संस्कृतमधील 'ज्ञान' आणि पालीतील 'ञाण' हे शब्द एकाच भारोपीय धातूपासून आलेले आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भूमध्य समुद्राच्या परिसरात ग्नोस्टिक पंथ प्रबळ होते. मुक्ती श्रद्धेपेक्षा आंतरिक ज्ञानाने मिळते, अशी त्यांची धारणा होती. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या हस्तलिखितांमुळे त्यांच्या विचारांवर नवा प्रकाश पडला. बौद्धविद्येचे अभ्यासक एडवर्ड काँझे यांनी १९६६ मध्ये इटलीतील मेसिना येथील परिषदेत बौद्ध मत आणि ग्नोसिस यांतील साम्यस्थळे मांडली. अर्थात साम्य म्हणजे ऐतिहासिक संबंध नव्हे.

दोहोंतील महत्त्वाचा भेद ज्ञानाच्या वाटपात दिसतो. अनेक ग्नोस्टिक ग्रंथ आपली शिकवण निवडक शिष्यांसाठीचे गुह्य म्हणून मांडतात. याउलट, महापरिनिब्बान सुत्तानुसार बुद्धाने आनंदाला सांगितले की, आपण गुरूची बंद मूठ राखलेली नाही आणि कोणतीही शिकवण लपवून ठेवलेली नाही. विहारात सर्वांसमक्ष मोठ्याने होणारे वर्षावासातील ग्रंथवाचन हे या तत्त्वाचेच पालन आहे.

हेही पहा

• दीक्षाभूमी
• वर्षावास
• बावीस प्रतिज्ञा
• विपश्यना
• चातुर्मास