मोहाखालची आग

भिवापूर तालुक्यातील पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू व मोह ही झाडे आढळतात. तोडलेला साग खुंटापासून, तर तेंदू मुळांपासून पुन्हा फुटतो. मोह सहसा तोडला जात नाही. त्याची नवी पिढी बियांपासूनच यावयाची असते. परंतु मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचण्यासाठी पाचोळा जाळला की लहान रोपे करपतात. उरलेले बी तेलासाठी जाते. अशाने जुने मोह उभे राहतात, मात्र त्यांच्या जागी येणारे कोणी उरत नाही. यास्तव शेतकरी बंधूंनी पाचोळा जाळू नये, झाडून काढावा. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. ते ताजेच, पावसाच्या आरंभी पेरावे व रोपांस काटेरी कुंपण करावे. रोप फुलावर येण्यास १० वर्षे तरी लागतात. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रत्येक जुन्या मोहाजवळ निदान एक रोप राखले जाईल, अशी खबरदारी आजच घ्यावी.