शब्द गेले, चाल राहिली

जुन्या घरांच्या माळ्यावर ध्वनिमुद्रिकांचा एखादा गठ्ठा हमखास सापडतो. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, सुधीर फडके ही नावे दिसली की त्या तबकड्या जपल्या जातात. त्यांच्यातच कधी परदेशी वाद्यवृंदाची एखादी एलपी निघते. गायक नाही, नावही ओळखीचे नाही, म्हणून ती सरळ रद्दीत जाते. ती देण्याआधी एकदा ऐकावी.

पर्सी फेथ यांच्या वाद्यवृंदाची ‘माय फेअर लेडी’ ही अशीच एक तबकडी. हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 15 मार्च 1956 रोजी आले. नाटकात पैसा सीबीएस कंपनीचा होता आणि कोलंबिया रेकॉर्ड्सही तिचीच. त्यामुळे मूळ कलाकारांच्या गाण्यांची तबकडी कोलंबियाने काढलीच, शिवाय त्याच चाली नुसत्या वाद्यांवरही आणल्या.

नाटकाची गोष्ट आपल्याला परकी नाही. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून ते बेतले होते आणि त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणली. ब्रॉडवेवर प्राध्यापकाच्या भूमिकेत रेक्स हॅरिसन होते. ते गाणी गायचे कमी, सुरात बोलायचे जास्त. वाद्यांना बोलता येत नाही, त्यामुळे त्यांच्या गाण्यांची चाल या तबकडीवर पूर्ण सुरात ऐकू येते.

पर्सी फेथ यांचा जन्म 1908 मध्ये टोरांटोत झाला. लहानपणापासून पियानोचा ध्यास होता. तरुणपणी बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला, तेव्हा तिला वाचवताना त्यांचे हात भाजले. पियानोवादक होण्याचे स्वप्न मागे पडले आणि ते संगीत संयोजनाकडे वळले. कुठल्या वाद्याने कुठे सूर धरायचा, कुणी कुठे थांबायचे, हे सारे कागदावर मांडण्याचे हे काम. 1960 मध्ये त्यांची ‘समर प्लेस’ची धून अमेरिकेत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हेच काम गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींनी केले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. संयोजन ऐकायची कानाला सवय लागली, की आपल्या जुन्या हिंदी गाण्यांतले त्यांचे कामही वेगळे ऐकू येऊ लागते.

78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. आपली नाट्यपदेही तेवढ्यातच बसवावी लागली. 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. एका नाटकाच्या चाली एकाच तबकडीवर आल्या, त्या यामुळेच.

अशी तबकडी सापडली तर काही पथ्ये पाळा. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर ती मुळीच लावू नका; पोलादी सुईने तिच्या रेघा कायमच्या खराब होतात. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. हाताळताना कडेनेच धरा आणि मऊ, कोरड्या फडक्याने रेघांच्या दिशेने पुसा.

वेष्टनाच्या मागचा मजकूर वाचा. संयोजकाचे नाव बहुधा तिथेच मिळते. ही तबकडी घरात कुणी, कुठून आणली, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि मिळालेले उत्तर एका चिठ्ठीवर लिहून वेष्टनात ठेवून द्या.