जनावराची किडनी बुरशीच्या विषाने बिघडतेय, हे मोबाईलवर कळतं का?

आमच्या वडगाव निंबाळकरमध्ये घरचा गोठा किंवा पोल्ट्री सांभाळणारी बरीच तरुण मुलं आहेत. जनावराचं काही बिघडलं की आधी फोटो निघतो आणि ग्रुपवर जातो. पावसाळ्यात एक प्रश्न तर हमखास येतो: "मक्याला बुरशी आलीय, थोडी थोडी मिसळून घातली तर चालेल का?"

माझं उत्तर सरळ आहे. चालणार नाही. कारण बुरशीच्या काही विषांचा मार किडनीवर बसतो, आणि किडनी तक्रार फार उशिरा करते. मग ते लवकर ओळखायचं कसं आणि त्यात आपला फोन किती कामाचा, हे या लेखात पाहूया.

विष नेमकं कोणतं?

सगळ्यांना अफ्लाटॉक्सिन माहीत असतं, पण ते मुख्यतः यकृत बिघडवतं. किडनीसाठी महत्त्वाची नावं दोन: ओक्रॅटॉक्सिन ए आणि सिट्रिनिन. ओक्रॅटॉक्सिन १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत शोधलं गेलं. पुढे १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये पाल्ले क्रोग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डुकरांच्या फिकट, सुजलेल्या किडनीमागे हेच विष आहे.

ओलसर मका, भरडा, पेंड यांवर वाढणाऱ्या बुरश्या ही विषं तयार करतात. किडनीत रक्त गाळून झालं की बारीक नळ्या कामाचे पदार्थ परत ओढून घेतात. विष याच नळ्यांच्या पेशींना इजा करतं.

गायीला कमी, कोंबडीला जास्त

गायीच्या मोठ्या पोटातले जिवाणू ओक्रॅटॉक्सिनचा बराचसा भाग तोडून टाकतात. लहान वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं. कोंबडी आणि डुकराला तर ही सोयच नाही. म्हणून गायीने खाऊन पचवलेला भरडा कोंबड्यांना मात्र बाधू शकतो. पण "मग गायीला घालू" असंही करू नका. त्याच खाद्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर त्याचा अंश दुधात उतरतो.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, तरी धोका?

हो. समजा विहिरीवर चार मोटारी आहेत. तीन बंद पडल्या तरी चौथी टाकी भरत राहते, आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. किडनीचं तसंच आहे. साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया फारसं वाढत नाही. म्हणून नॉर्मल रिपोर्ट म्हणजे किडनी ठणठणीत, असं समजू नका.

लघवी आधी बोलते. नळ्या बिघडल्या की लघवी पातळ होते, तिच्यात प्रथिनं उतरतात, आणि रक्तातली साखर नॉर्मल असूनही लघवीत साखर दिसू शकते. यासाठी रंग बदलणारी साधी पट्टी मिळते. फक्त एक लक्षात ठेवा: गायीची लघवी मुळातच अल्कधर्मी असते, त्यामुळे प्रथिनाचा चौकोन कधी कधी उगाच रंग बदलतो. एका पट्टीवर निदान करू नका, डॉक्टरांना दाखवा.

कोंबडीची लघवी वेगळी येत नाही. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे तिचं युरेट. पक्षी जास्त पाणी पिऊ लागले, विष्ठा पातळ झाली तर सावध व्हा. मेलेल्या पक्ष्याची डॉक्टरांकडून चिरफाड करून घ्या. किडनी सुजून फिकट झालेली आणि काळजा-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर दिसला, तर त्याला गाऊट म्हणतात. मात्र गाऊट आयबी या विषाणूने, जास्त कॅल्शियमने किंवा पाणी कमी पडल्यानेही होतो. म्हणून खाद्य तपासल्याशिवाय दोष बुरशीवर टाकता येत नाही.

खाद्याची पट्टी कोविड किटच्या उलट

माणसांसाठीच्या गव्हात ओक्रॅटॉक्सिनची भारतातली मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ५० किलोच्या १००० पोत्यांत मिळून फक्त १ ग्रॅम! हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसणार नाही. बुरशी दिसते, विष दिसत नाही. बुरशी झटकली, खाद्य वाळवलं किंवा गरम केलं, तरी तयार झालेलं विष बहुतांशी तसंच राहतं.

त्यासाठी झटपट चाचणीच्या पट्ट्या असतात. इथे बरेच जण गोंधळतात. कोविड किटमध्ये दुसरी रेष आली की पॉझिटिव्ह. या पट्ट्यांवर मात्र विष जितकं जास्त, तितकी चाचणीची रेष फिकी होते. रेष गायब म्हणजे धोका! कंट्रोलची रेष आलीच नाही, तर पट्टीच बाद.

मग मोबाईलचा उपयोग काय?

• पट्टीचा फोटो किटवर दिलेल्या वेळेतच, पांढऱ्या कागदावर, सावलीतल्या उजेडात आणि फिल्टर बंद ठेवून काढा. पिवळ्या बल्बखाली रंग बदलतो.
• रोजचं पाणी, खाद्य आणि मरतुक यांची नोंद ठेवा. नवीन पोतं कोणत्या तारखेला फोडलं, तेही लिहा. डॉक्टरांना हीच माहिती सगळ्यात जास्त लागते.
• नमुना एकाच जागेवरून घेऊ नका, विष पोत्यात समान पसरलेलं नसतं. आठ-दहा ठिकाणचं थोडं थोडं घ्या, नीट मिसळा आणि त्यातलं किलोभर कागदी पिशवीत भरा.
• जनावर आजारी असेल तर १९६२ वर फोन करा, ही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या.

तपासणीसाठी पुण्यात औंधची पशुरोग प्रयोगशाळा आणि शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो. जाण्याआधी फोन करून कोणती चाचणी होते आणि नमुना कसा आणायचा, ते विचारून घ्या.

आणि रिपोर्ट येईपर्यंत? संशयाचं खाद्य लगेच थांबवा, पण फेकू नका. पोतं बांधून बाजूला ठेवा. बिघडलेल्या किडनीवर उतारा देणारं औषध नाही. लवकर खाद्य बदललं तर उरलेली किडनी वाचते, आणि तेवढं आपल्या हातात आहे. घरात मका आणि पेंड जे विकत आणतात, त्यांना हा लेख नक्की वाचून दाखवा.